लाळेऱ्यावरची हळद

मूल सहा महिन्यांचे झाले, मामाच्या मांडीवर बसून सोन्याच्या अंगठीने त्याने खिरीची पहिली चव घेतली, आणि उष्टावणाचा तो छोटासा समारंभ आटोपून मंडळी पानांवरून उठली, की ज्याचा मुहूर्त कोणतेही पंचांग सांगत नाही अशा एका कामाचा त्या घरात प्रारंभ होतो. तोपर्यंत दुपट्यावर आणि झबल्यावर जे काही सांडत असे ते दूध. ते थंड पाण्यात चुबकले की जात असे आणि मागे वास तेवढा राहत असे. आता मात्र मऊ भातावरचे वरण आले, मेतकूट आले, नाचणीची पेज आली, वैशाख लागताच आमरस आला, आणि वर्षाचे होता होता ताटातले सर्व काही दोन्ही मुठींनी उचलून तोंडापेक्षा पोटावरच अधिक लावण्याचे मुलाचे कसब सिद्धीस गेले. त्या झबल्यावर, आणि झबल्याच्या रक्षणार्थ गळ्यात बांधलेल्या लाळेऱ्यावर, जे पिवळे, तांबूस, करडे नकाशे उमटतात ते उतरविण्याचा उद्योग आमच्याकडच्या आया, आज्या आणि आत्या किती शतके करीत आल्या असतील याची गणती नाही. आणि त्या उद्योगाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण ही की, ज्या कामाचे बलुते कुणी दिले नाही, ज्यावर कर बसला नाही आणि ज्याचा कज्जा कोणत्या कचेरीत गेला नाही, त्याची नोंद दप्तरात सापडावी कशी?

गंमत अशी की 'डाग' हा शब्द मात्र दप्तरातूनच घरात आलेला आहे. फारसीतला 'दाग' म्हणजे तापल्या लोखंडाने उठविलेली खूण. अलाउद्दीन खिलजीने, आणि त्याच्यामागून अकबराने, लष्करातल्या घोड्यांना दाग देण्याची जी पद्धत घातली तिचा हेतू, हजेरीच्या दिवशी सरदारांनी भाड्याची तट्टे उभी करून सरकारास ठकवू नये, एवढाच होता. म्हणजे मूळचा डाग हा कलंक नसून मालकीचा पुरावा होता. मराठीने तो शब्द घेतला आणि त्याचा संसार वाढविला: वैद्याचे डागणे आले, अब्रूवरचा डाग आला, आणि सराफाच्या दुकानी तर 'सोन्याचा डाग' म्हणजे दागिनाच झाला. हा शेवटचा डाग त्याच कुळातला की दुसऱ्या, हा तंटा व्युत्पत्तिकारांनी निवाड्यास घ्यावा. मला एवढेच दिसते की, जिच्या एकाच शब्दात मळ आणि मोल शेजारी नांदतात, त्या भाषेतल्या आईने मुलाच्या अंगरख्यावरच्या वरणाकडे पाहून कपाळाला हातही लावला असेल आणि मूल जेवू लागले म्हणून समाधानही मानले असेल.

तान्ह्याचे वस्त्र तरी काय असे? नवे कापड अंगाला टोचते म्हणून, आणि खरे सांगायचे तर नवे कापड परवडत नसे म्हणून, दहा-बारा वर्षे नेसून लोण्यासारखे मऊ झालेले आजीचे नऊवारी लुगडे फाडून त्याची दुपटी, लंगोट आणि झबली होत; जो भाग अगदीच विरला असेल तो गोधडीच्या पोटात जाई. थोरल्याचे झबले मधल्याला, मधल्याचे धाकट्याला, आणि मग शेजारणीच्या नातवाला, असा त्या वस्त्राचा प्रवास असल्यामुळे पाचव्या मुलाच्या अंगावरचा डाग नक्की कोणाच्या कारकीर्दीतला हे सांगणे अवघड जाई. अशा कपड्याला शुभ्रतेची अपेक्षा नव्हती. स्वच्छतेची होती, आणि या दोहोंतला भेद पूर्वीच्या बायकांना आपल्यापेक्षा अधिक स्पष्ट कळत होता असे माझे मत आहे. अपवाद असे तो खणाच्या कुंचीचा. बारशाला आजोळाहून आलेली, कडेला गोट लावलेली ती कुंची सणासुदीलाच पेटीतून निघे. तिच्यावर शिरा सांडला तर मात्र घरात सुतक पडल्यासारखे होई, कारण ती धुऊन चालत नसे आणि न धुऊनही चालत नसे.

आता कोणी म्हणेल, गावात परीट होता की. होता, आणि त्याची नोंद विपुल आहे. बारा बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत त्याची जागा कुंभार-न्हाव्यांबरोबर मधल्या ओळीत दाखविलेली आढळते; खळ्यावर धान्याच्या राशीतून त्याचा वाटा निघे, लग्नात वरातीपुढे पायघड्या त्याने घालाव्यात आणि त्याचा हक्क-लाजिमा घ्यावा असा मामूल होता, आणि जननाशौच व मृताशौच यांचे कपडे धुण्याचे जे काम इतर कुणी करावयाचे नाही ते त्याच्या आणि परटिणीच्या माथी होते. विसाव्या शतकात हातात खराटा घेऊन गावोगावची घाण झाडणारे गाडगे महाराज याच परीट समाजात 1876 साली जन्मले, ही गोष्ट महाराष्ट्र जाणतोच. पण परटाकडे जाणारे धुणे हे पासोड्या, जाजमे, धोतरे, अंगरखे, सणाची लुगडी यांचे. आज सकाळी सांडलेले वरण परटाच्या पाळीची वाट पाहत पंधरा दिवस थांबणार कसे? ते त्याच दुपारी परसातल्या दगडाशी निपटावे लागे. बाळंतिणीच्या बारा दिवसांचे कपडे परटीण नेई. तेराव्या दिवसापासूनचे सारे घरच्या बाईचे.

परटाच्या धंद्याला मात्र शास्त्रकारांनी जे कायदे घालून दिले ते वाचण्यासारखे आहेत, कारण त्यांवरून वस्त्राचे मोल केवढे होते हे कळते. कौटिल्याने रजकास आज्ञा केली आहे की कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच धुवावेत. अन्यत्र धुऊन वस्त्र बिघडविल्यास भरपाई आणि वर 6 पण दंड. गिऱ्हाइकाचा कपडा स्वतः अंगावर घालून मिरविल्यास 3 पण. विकल्यास, भाड्याने दिल्यास किंवा गहाण टाकल्यास 12. धोब्याने स्वतःच्या कपड्यांवर मुद्गराची खूण ठेवावी म्हणजे कोणता कपडा कोणाचा याचा घोळ होणार नाही, अशीही योजना आहे. इतकेच नव्हे, तर कळीसारखे पांढरे, शिळेवर घासून निघालेले, धुतल्या सुतासारखे आणि अतिशुभ्र, अशा शुभ्रतेच्या चार पायऱ्या कल्पून प्रत्येक पायरीला एकेक रात्र अधिक मुदत दिली आहे. मनूही रजकाला सांवरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू धुण्यास सांगतो. बाईच्या हातून धुतल्या जाणाऱ्या झबल्याला मात्र ना मुदत ना दंड. संध्याकाळच्या आत ते वाळले पाहिजे, कारण दुसरे नाही, हाच तिचा कायदा.

आणि डाग काढणारा हा परीटच एक डाग असा घालतो की जो कपड्याच्या जन्मात जात नाही. बिब्ब्याच्या फळात सुई खुपसून निघणाऱ्या काळ्या रसाने तो कपड्याच्या कोपऱ्यावर घरोघरची निराळी खूण करतो आणि चुन्याने ती पक्की करतो. इंग्रजांनी तर बिब्ब्याचे नावच 'मार्किंग नट' ठेवले. घोड्याच्या पाठीवरचा दाग आणि धोतराच्या काठाशी असलेला हा ठिपका, दोन्हींचे प्रयोजन एकच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या शिपायांच्या मानेवर आणि कमरेवर पुरळ उठू लागले तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना पुष्कळ शोधाअंती या ठिपक्याचा पत्ता लागला. आमच्या बायकांना तो पत्ता आधीपासून होता. बिब्बा उततो हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते, आणि तान्ह्याचे कपडे परटाकडे न देण्यास हेही एक कारण झाले असावे.

आता मुख्य आरोपीकडे वळू. महाराष्ट्रातल्या मुलाच्या कपड्यावर जे डाग पडतात त्यांत हळदीचा डाग हा राजा. बाकीचे त्याचे मांडलिक. वरणात हळद, भाजीत हळद, खिमटात चिमूटभर हळद, आणि पडले-लागले तर जखमेवरही हळदच. सांगलीची पेठ आणि हरिपूरची जमिनीतली पेवे ज्या पिकावर नांदली त्या पिकाचा रंग अखेरीस लाळेऱ्यावर उतरला तर नवल नाही. हा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतो. म्हणून फोडणीचे वरण सांडले की तेलाचा हात धरून तो धाग्याच्या आत जाऊन बसतो. आणि त्यावर साबण लावावा तर अघटित घडते: पिवळा डाग डोळ्यांदेखत तांबडा होतो. नव्या सुनेने हे प्रथम पाहिले की ती घाबरते. आपल्या हातून काहीतरी भलतेच झाले असे तिला वाटते. वास्तविक यात नवीन काही नाही. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, पाण्याने क्षार निघून गेला की पुन्हा पिवळी होते. चुना किंवा टाकणखार यांच्या संगतीने हळदीचे कुंकू करण्याची जी कला केम आणि पंढरपूर येथे व्यापारास चढली, तिचाच हा न्हाणीघरातला अनपेक्षित प्रयोग. साबणाची वडी हाती घेऊन आई मुलाच्या झबल्यावर कुंकू तयार करीत असते, एवढाच त्याचा अर्थ.

तर मग हळद जाते कशाने? याचे उत्तर धुणाऱ्यांकडे नव्हे, रंगविणाऱ्यांकडे शोधावे लागते. जुन्या रंगाऱ्यांत रंगांच्या दोन जाती मानीत: पक्के आणि कच्चे. नीळ पक्की, मंजिष्ठ आणि आल पक्के. हळद मात्र सर्वांत कच्ची. ती कापडावर चढते चटकन, दिसते सुरेख, आणि दोन दिवस उन्हात राहिली की उडून जाते. म्हणून इभ्रतदार रंगारी हळदीचा पिवळा रंग देताना आधीच सांगून मोकळा होई. आता पाहा, ज्या गोष्टीपायी रंगाऱ्याची पत जाई तीच आईच्या हातातले शस्त्र झाली. हळदीतले जे पिवळे द्रव्य, ज्यास रसायनज्ञ कुर्कुमिन म्हणतात, ते 1815 साली फ्रान्समध्ये वेगळे काढण्यात आले आणि 1910 साली त्याच्या रेणूची रचना उलगडली. सूर्यप्रकाशाने त्या रेणूचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांना रंग नसतो, हे त्यानंतर प्रयोगशाळेत दिसले. त्या तुकड्यांपैकी एक तर व्हॅनिलाच्या शेंगेत सुवास देणारे द्रव्यच आहे. माझ्या आजीला यांतले काही ठाऊक नव्हते. ती म्हणे, "आधी तूप सोडव, मग हळद उन्हाच्या हवाली कर." डागावर ज्वारीचे पीठ भुरभुरून ते तूप शोषून घेईपर्यंत ती दुसरी कामे उरकी; मग रिठ्याच्या पाण्यात झबले चोळी, खळबळी, आणि न पिळता, ओलेच, तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर डाग वर करून पसरी. दुपारी जाता-येता त्यावर पाण्याचा हबका मारी. संध्याकाळी डाग फिकट, दुसऱ्या दिवशी अस्पष्ट, तिसऱ्या दिवशी तो कोठे होता हे तिलाच आठवत नसे. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे. पण घाई कोणाला होती?

इतर डागांचे तंत्र याहून सोपे, किंवा मग अगदीच अशक्य. दूध, अंडे, डाळीचे पीठ यांना कढत पाणी दाखवू नये, नाहीतर ती धाग्यावर शिजून बसतात. त्यांना थंड पाणी आणि सबूर. आमरसाचा केशरी रंग हळदीसारखाच उन्हाला भितो. जांभळाचा डाग लिंबाने तांबूस होतो आणि सोड्याने निळसर, म्हणजे काढणाऱ्याची थट्टा करीत राहतो. त्याला लगेच गाठले तर तो जातो, रात्र उलटू दिली तर राहतो. केळीच्या चिकाला लोखंडाचे पाणी लागले की तो काळा पडतो. कोकणात काजूच्या बोंडाचा रस लागलेला कपडा हा कपडाच नव्हे, ती एक स्मृती. वैशाखात आजोळी गेलेली मुले ज्येष्ठात परततात ती अशा स्मृती अंगावर वागवीतच, आणि शहाण्या आया त्यासाठी जुने कपडेच बरोबर देतात.

हे सारे ज्यांच्या बळावर चाले ती द्रव्ये दोन प्रकारची, फेसाची आणि खाराची. फेस देणारा रिठा. त्याचे संस्कृत नाव अरिष्टक. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्त्रशुद्धीची जी यादी आहे तीत रेशमाला आणि लोकरीला खारी माती, उंची कांबळ्यांना रिठा, तलम वस्त्राला बेलफळ आणि जवसाच्या धाग्याच्या कापडाला पांढरी मोहरी सांगितली आहे. कोणाला ही यादी सोवळ्याची वाटेल. मला ती धोबीखान्यातल्या अनुभवी माणसाची वाटते, कारण कोणत्या धाग्याला काय सोसते याचा विचार तिच्या मुळाशी आहे. रिठ्यात खार नसतो, म्हणून रेशीम त्याने मरत नाही आणि हळद त्याने लाल होत नाही. पैठणीपासून झबल्यापर्यंत त्याचा जो मान राहिला तो यामुळे.

खाराची कथा मात्र थेट महसुलाच्या वह्यांत जाते. चुलीतली राख प्रत्येकीच्या घरी फुकट होती; पण मोठ्या भट्टीला ती पुरत नसे, तेथे सज्जीखार आणि पापडखार लागे, आणि या व्यापारात वऱ्हाडातल्या एका तळ्याची कीर्ती दूरवर होती. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर आज आकाशातून पडलेल्या अशनीचे विवर म्हणून प्रवासी पाहायला जातात; पण सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या त्या खळग्यातले पाणी इतके क्षारयुक्त की उन्हाळ्यात ते आटले म्हणजे काठावर खाराचे थर साचत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्या थरांची प्रतवारी होती आणि प्रत्येकीचा भाव निराळा. अबुल फजलाने 'ऐने-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना या मुलखात काच आणि साबण बनविण्याची सामग्री निघते आणि सोऱ्याच्या उत्पन्नावर सरकारास चांगली जकात मिळते असे नमूद केले आहे. म्हणजे अकबराच्या दप्तरदारांना साबण ठाऊक होता. तो शब्दही आपल्याकडे अरबी-फारसी 'साबून'वरूनच आला. परंतु तेल, चुना आणि सज्जी यांच्या त्या लिबलिबीत काळसर गोळ्याला सामान्य घरच्या न्हाणीत स्थान नव्हते. तो कारखान्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या उपयोगाचा.

शुभ्रतेचा खरा व्यापार पाहावयाचा तर त्या काळी गुजरातेत जावे लागे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहून गेला आहे की, कोरे कापड शुभ्र करण्यासाठी भडोचेस पाठवितात, कारण तेथे विस्तीर्ण माळराने आहेत आणि लिंबे विपुल पिकतात. लिंबाच्या पाण्यात भिजविल्यावाचून कापडाला खरी सफेदी चढत नाही. माळरान आणि लिंबू, म्हणजे ऊन आणि आंबट! मैलांनी मोजावे एवढे कापड गवतावर पसरून जे भडोचेस होत होते तेच माझ्या आजीच्या कट्ट्यावर हातभर झबल्यापुरते होत होते. या भडोचेशी आमचा संबंध निव्वळ उपमेचा नाही. सालबाईच्या तहानंतर 1783 मध्ये ते शहर महादजी शिंद्यांच्या ताब्यात आले आणि 1803 मध्ये इंग्रजांनी ते पुन्हा घेईपर्यंत शिंदेशाहीत होते. त्याच शतकात युरोपातही कापड खाराच्या पाण्यात उकळून, आंबट ताकात भिजवून, महिनोन् महिने कुरणावर पसरीत. 1756 साली एडिंबरोच्या फ्रान्सिस होम या वैद्याने ताकाऐवजी पातळ केलेले गंधकाम्ल सुचविले आणि दिवसांचे काम तासांवर आले. 1799 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने क्लोरिन चुन्यात जिरवून त्याची पूड केली, आणि कुरणे ओस पडली. नगरपालिकेचा माणूस विहिरीत टाकतो ती ब्लीचिंग पावडर हीच. तिने डाग जातो, त्याबरोबर रंग जातो, आणि दहा-वीस वेळांनंतर कापडही जाते. मुलांच्या कपड्यांपासून तिला दूर ठेवणाऱ्या बायका मागासलेल्या होत्या असे मला म्हणवत नाही.

विलायती साबणाची वडी या कहाणीत फार उशिरा येते. 1888 साली कलकत्त्याच्या बंदरात 'सनलाइट' साबणाच्या पेट्या उतरल्या. चार वर्षांपूर्वी इंग्लंडात विल्यम लिव्हरने नोंदविलेले ते नाव. सूर्यप्रकाशाच्या देशात सूर्यप्रकाश वेष्टनात बांधून विकायला आणणे, यातला विनोद लिव्हरसाहेबांच्या ध्यानी आला होता की नाही कोण जाणे. आरंभी या वड्यांना सोवळ्याच्या घरांत मज्जाव होता, कारण साबण म्हणजे चरबी, आणि चरबी म्हणजे कशाची हे विचारण्याचीही सोय नाही. स्वदेशीच्या चळवळीने आणि वनस्पती तेलांच्या साबणांनी ही अढी हळूहळू सुटली. कुलपे आणि तिजोऱ्या करणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांनी 1918 साली मुंबईत चरबीविरहित साबण काढला, आणि 1934 पासून शिवडीच्या कारखान्यात लिव्हर कंपनीचा माल येथेच होऊ लागला. रिठे फोडून रात्री भिजत घालण्याचा खटाटोप वाचला, हात वाचले. हे उपकार लहान नाहीत, आणि जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी, ज्यांनी आयुष्यात एक लंगोट धुतला नाही अशांनी, ते नाकारू नयेत. परंतु देशावरच्या विहिरींच्या जड पाण्यात, ज्यात डाळही शिजत नाही, साबणाचा फेस होत नसे; त्याची करडी साय कपड्यावर बसे, आणि हळद तर लाल होऊन हसतच राही. मग 1959 साली सर्फची पूड आली, 1969 मध्ये अहमदाबादेहून निरमा आली आणि ती गरिबाच्या न्हाणीपर्यंत पोहोचली. जड पाण्याचे दुखणे तिने बरे केले. मांस-दुधाचे डाग पचविणारी पाचकद्रव्ये कपड्याच्या पुडीत घालण्याची युक्ती जर्मनीतल्या ओटो रोहम याने 1913 सालीच पेटंट केली होती. तिचा प्रसाद आपल्याकडे मिळायला बराच काळ लोटला. पण ही पाचकद्रव्ये दुधाला, अंड्याला, पेजेला पचवितात. हळदीपुढे तीही हात टेकतात.

मध्यंतरी शुभ्रतेने एक निराळेच वळण घेतले. पूर्वी पिवळटपणा झाकण्यासाठी शेवटच्या पाण्यात निळीची पुरचुंडी फिरवीत. नंतर टिनोपाल आले, जे न दिसणारा प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकते आणि डोळ्याला फसविते. डाग तेथेच असतो, फक्त त्याच्याभोवतीचे पांढरे अधिक पांढरे दिसते. मुलाच्या कपड्यावर आता जी शुभ्रता आपण मागतो ती कळीची नव्हे, कागदाची. आणि ती मागू लागल्यापासून डाग म्हणजे आईचा हलगर्जीपणा असा एक नवाच अर्थ त्या जुन्या फारसी शब्दाला चिकटला आहे. पाचव्या मुलाला आजीच्या लुगड्याचे झबले घालणाऱ्या बाईवर असा आरोप कोणी केला असता, तर तिला तो कळलाच नसता.

आमच्या वाड्याचे अंगण गेले, तुळशीवृंदावन गेले, कट्टाही गेला. नातवाचे कपडे आता तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वाळतात, जेथे ऊन सकाळी आठ ते अकरा एवढेच येते. यंत्रातून पिळून निघालेले लाळेरे गेल्या आठवड्यात सुनेने माझ्या हाती दिले तेव्हा हळदीचा पिवळा ठसा जसाच्या तसा होता. मी ते पुन्हा भिजविले आणि न पिळता कठड्यावर पसरले. रविवारपासून बुधवारपर्यंत, तीन-तीन तासांच्या उन्हाने, डाग गेला. आपल्याकडेही असे एखादे लाळेरे असेलच. ते दोरीवर घालताना डागाची बाजू सूर्याकडे करावी, आणि कापड वाळत आले की एकदा पाणी शिंपडावे.